पाणी गेले, त्या राहिल्या

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या आत्तीच्या परड्याची भिंत एप्रिलमध्ये रंगवायला काढली होती. न्हाणीघराच्या मोरीला लागून असलेली ही जुनी, चुन्यात बांधलेली विटांची भिंत पावसाळाभर हिरवी असते आणि होळी उलटली की काळी पडते. रंगारी तारेचा ब्रश घेऊन ती खरवडत होता. काळ्या पापुद्र्याचे तुकडे खाली अंथरलेल्या पोत्यावर पडत होते आणि अख्ख्या परड्यात कोरड्या धुळीचा कडवट वास भरला होता. "मेलंय की हे सगळं, मावशी. हात लावला की गळतंय," तो म्हणाला. आत्ती पायरीवर बसून चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला, रांजणातून तांब्याभर पाणी घेतले आणि अजून न खरवडलेल्या भागावर ओतले. "थांब जरा. बघ आता," एवढेच म्हणाली. सुरुवातीला काहीच झाले नाही. मग त्या काळ्यातून तपकिरी रंग वर आला, तपकिरीतून मळकट हिरवा, आणि तिचा कप रिकामा व्हायच्या आत भिंतीचा हातभर तुकडा आषाढातल्यासारखा हिरवा झाला. रंगाऱ्याने मान वाकडी करून ते पाहिले, "आयला" म्हणाला, आणि पुन्हा ब्रश उचलला. त्याला संध्याकाळपर्यंत प्रायमरचा एक हात मारायचा होता, आणि तो त्याने मारलाही.

माझ्या मनातून मात्र ते जाईना. खरे तर मला नवल वाटण्याचे कारण नव्हते. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या कोणालाही शेवाळी वनस्पतींचे हे वागणे ठाऊक असते. परीक्षेत त्यावर टीप लिहून मी गुणही मिळवले आहेत. सलत होते ते हे की, रंगारी चुकीचे काहीच बोलला नव्हता. आपण रोजच्या व्यवहारात मरणाच्या ज्या खुणा मानतो, त्या सगळ्या त्या पापुद्र्यावर होत्या. पोत्यावरचा एक तुकडा मी कागदात बांधून घरी नेला आणि भिंगाखाली धरला. आपल्याकडच्या जुन्या भिंतींवर सर्रास आढळणारी हायोफिला नावाची शेवाळी होती ती. एकेक पान जेमतेम दोन मिलिमीटरचे, आणि दोन्ही कडा आत वळून त्याची काळपट सुई झालेली. सुईच्या टोकाने पाण्याचा एक थेंब सोडला, तर काही सेकंदांत कडा उलगडल्या, पाने खोडापासून दूर झाली आणि मधली शीर दिसू लागली. वाळलेल्या अवस्थेत अशा वनस्पतीच्या पेशींतले पाणी दहा टक्क्यांच्याही खाली जाते. श्वसन जवळजवळ थांबते. पेशीतल्या काही विशिष्ट शर्करा आणि प्रथिने नाजूक पटलांना चिकटू देत नाहीत, तुटू देत नाहीत. बाकी सारा कारभार बंद. आत्तीच्या दारातल्या मोगऱ्याला हे जमत नाही. दोन दिवस पाणी चुकले की तो मान टाकतो. मोगऱ्याच्या पूर्वजांना हे जमत होते, पण सपुष्प वनस्पतींपैकी बहुतेकांनी हे कसब पानाखोडातून सोडून दिले आणि फक्त बियांमध्ये व परागकणांमध्ये राखून ठेवले.

शाळेत ही सगळी हकीकत आम्ही विजयकथा म्हणून ऐकली. वनस्पती पाण्यातून बाहेर आल्या आणि त्यांनी जमीन जिंकली. पन्हाळ्याच्या सावलीत वाढलेल्या मुलांना चढाईची गोष्ट लगेच पटते, त्यामुळे मलाही ती पटली होती. पुढे मसाई पठारावर वरचेवर जाणे होऊ लागले, तेव्हा तिच्यात पहिल्यांदा खोट दिसली. पावसाळ्यात या पठारावर जांभ्याच्या खोलगट भागांत पाणी साचते आणि त्यात हिरव्या शैवलांचे तंतू तरंगत असतात. ऑक्टोबरच्या उन्हात डबकी काठाकडून आक्रसत जातात. पाणी रोज बोटभर मागे सरते आणि तंतू होते तिथेच कातळावर बसतात. आधी ओले, लिबलिबीत, मग चिकट, आणि दिवाळीच्या सुमारास पांढरट, कुरकुरीत, नखाने सोलून निघणारे. त्या काठावर उकिडवे बसून पाहिले की कोणीही पाण्यातून बाहेर पडताना दिसत नाही. बाहेर पडते ते पाणी.

पाणी गेले, त्या राहिल्या.

शास्त्रज्ञांना आज जे चित्र संभवनीय वाटते, तेही याच वळणाचे आहे. जमिनीवरच्या यच्चयावत वनस्पतींचे मूळ समुद्रातल्या भल्यामोठ्या शैवलांत नसून गोड्या पाण्यातल्या साध्या हिरव्या शैवलांत आहे. त्यांचे आजचे सर्वांत जवळचे नातेवाईक ज्या गटात मोडतात, त्याच गटात नववीच्या पुस्तकातली स्पायरोगायराही आहे. डबके आटू लागले की स्पायरोगायराचे दोन तंतू एकमेकांना जोडले जातात, त्यातून जाड कवचाचा युग्मबीजाणू तयार होतो आणि तो वाळलेल्या चिखलात पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहतो. २०१९ मध्ये याच गटातल्या, ओलसर जमिनीवर राहणाऱ्या दोन शैवलांचा जनुकसंच वाचला गेला. दुष्काळाला तोंड देताना वनस्पती जी जनुके वापरतात, त्यांतली काही या शैवलांत सापडली, आणि ती बहुधा मातीतल्या जिवाणूंकडून आली असावीत असा तर्क अभ्यासकांनी मांडला. म्हणजे पाणी सरल्यावर जगायचे कसे, याची काही शिदोरी शेजाऱ्यांकडून मिळाली होती, आणि तीही जमिनीवरची पहिली वनस्पती घडण्याच्या आधीच. त्या पहिल्या वनस्पतींचे देह आपल्याला सापडलेले नाहीत; सापडले आहेत ते त्यांचे बीजाणू. अर्जेंटिनातल्या खडकांतले असे बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्या भागात यातले काही शोधायला जाण्यात अर्थ नाही. अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण पाहिला की कोल्हापूरकराला तो अनादी वाटतो, पण दख्खनचा हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो वाहत होता तेव्हा या गोष्टीला चाळीस कोटी वर्षे होऊन गेली होती.

कोरड्यात राहायचे म्हणजे नेमके काय करावे लागले असेल, याचा मी अलीकडे पुष्कळ विचार करते. राधानगरीकडचे शेतकरी पावसात इरले घेऊन चिखलणी करीत, ते मी लहानपणी पाहिले आहे. वनस्पतींनी पहिल्यांदा जे अंगावर घेतले ते इरलेच, फक्त उलट कामाचे: बाहेरचे पाणी अंगाला लागू नये म्हणून नव्हे, तर आतले बाहेर जाऊ नये म्हणून. क्यूटिकल नावाचा हा मेणचट थर आला आणि लगेच दुसरी अडचण उभी राहिली, कारण ज्या थरातून पाणी जात नाही त्यातून कार्बन डायऑक्साइडही नीट आत येत नाही. मग थराला उघडझाप करणारी छिद्रे आली. ही पर्णरंध्रे म्हणजे कायमचा तोट्याचा व्यवहार आहे. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत घ्यायचा तर पाण्याचे काही शे रेणू बाहेर जाऊ द्यावे लागतात. एवढे पाणी जाणार म्हणजे खालून तेवढे वर यायला हवे, त्यासाठी नळ्या हव्यात, आणि वरून ओढ लागली की नळ्या आत चेपू नयेत म्हणून त्यांच्या भिंतींना लिग्निनचा, म्हणजे लाकडाला टणक करणाऱ्या द्रव्याचा, कणखरपणा हवा. पाण्यात असताना देह पाणीच तोलून धरत होते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट. तो आधार गेल्यावर उभे राहण्यासाठीही हाच लिग्निन कामी आला. यातली कोणतीही गोष्ट ठरवून झाली नाही, हे पुन्हा पुन्हा स्वतःला बजावावे लागते, कारण मराठीत काय किंवा आणखी कोणत्या भाषेत काय, हे सांगताना कर्ता आणि हेतू आपोआप वाक्यात शिरतात.

वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम लँग यांनी १९३७ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या खडकांतल्या एका जीवाश्माला ऑस्ट्रेलियन संशोधक इझाबेल कुक्सन यांच्यावरून 'कुक्सोनिया' हे नाव दिले. ती वनस्पती काही सेंटिमीटरच उंच होती. पाने नाहीत, फुले नाहीत. नुसत्या दुभागत गेलेल्या बारीक काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला बीजाणूंची एक कुपी. चित्रात पाहिली तेव्हा माझी थोडी निराशाच झाली होती. ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या गोष्टीने थोडे तरी भारदस्त असावे, अशी माझी अपेक्षा होती बहुतेक. त्या निराशेवर उतारा मिळाला तो ऱ्हायनीच्या दगडात. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनशायरात ऱ्हायनी नावाचे खेडे आहे. विल्यम मॅकी हे पेशाने डॉक्टर, पण दगडांचे वेडे. १९१२ च्या सुमारास त्यांना त्या परिसरात शेताच्या दगडी कुंपणातले काही वेगळे, गारगोटीच्या जातीचे दगड दिसले. त्यांनी त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि दगडात वनस्पती दिसल्या: अखंड, उभ्या, पेशी न् पेशी शाबूत. ४० कोटी वर्षांपूर्वी तिथे उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे होते. त्यांचे सिलिकायुक्त पाणी काठावरच्या दलदलीत पसरले आणि तिथे जे जे वाढत होते ते सडण्याच्या आत गोठून दगड झाले. पुढे रॉबर्ट किडस्टन आणि लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात या वनस्पतींची तपशीलवार वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतली ऱ्हायनिया वीतभर उंचीची. तिच्या खोडाच्या आडव्या कापात बाहेरचे क्यूटिकल, त्यातले पर्णरंध्र आणि मधोमध पाणी वाहणाऱ्या नळ्यांची बारीकशी जुडी असे सगळे दिसते. आम्ही प्रॅक्टिकलला सॅफ्रॅनिनने रंगवून जे काप करायचो, त्यांतले बहुतेक याहून वाईट निघत.

त्या दिवशी आत्तीने पोत्यावरचा पापुद्रा उलटा करून विचारले होते, "ह्याला मुळं कुठायत गं?" प्रश्न अगदी नेमका होता. शेवाळीला मुळे नसतात, आधारापुरते केसाएवढे तंतू असतात. कुक्सोनियालाही खरी मुळे सापडलेली नाहीत. ऱ्हायनीच्या बहुतेक वनस्पतींनाही आडव्या खोडावर असे तंतूच होते. मग दगडगोट्यांतून फॉस्फरस कसा मिळवला? उत्तर त्याच दगडात होते. ऱ्हायनीतल्या अ‍ॅग्लाओफायटन या वनस्पतीच्या पेशींमध्ये बुरशीचे झुडपासारखे फांद्या फुटलेले तंतू स्पष्ट दिसतात. आजही बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी अशाच बुरश्या राहतात. बुरशी खनिजे आणून देते आणि बदल्यात साखर घेते. म्हणजे मूळ हा अवयव येण्याआधीच मुळाचे काम सुरू झाले होते, आणि ते दुसऱ्याच कुणाकडून करून घेतले जात होते.

आणि मग चिखल. हा भाग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. केंब्रिज विद्यापीठातल्या दोन भूशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जगभरच्या प्राचीन नदीखोऱ्यांतल्या गाळाच्या खडकांत चिखलाचा वाटा किती, याचा हिशोब त्यात मांडला होता. वनस्पती येण्यापूर्वीच्या तीन अब्ज वर्षांत तो नगण्य होता. बारीक कण तयार झाले तरी ते थांबत नसत. वाऱ्याने आणि पाण्याने थेट समुद्राला जात. नद्या उथळ, पसरट, वाळूगोट्यांतून अनेक फाट्यांनी वाहणाऱ्या होत्या. जमिनीवर वनस्पती आल्या आणि हे प्रमाण दसपटीहून जास्त वाढले, आणि वाढीची सुरुवात खोल मुळांची झाडे येण्याच्या आधी झाली. म्हणजे भिंतीवरच्या शेवाळीएवढ्या, बोटभरही उंच नसलेल्या वनस्पतींच्या काळात. त्यांनी खडक झिजवून चिकणमाती होण्यास हातभार लावला आणि झालेली माती धरून ठेवली. चिखल ही गोष्ट मी आदिम समजत होते. पृथ्वी, पाणी आणि त्यांचा चिखल, याला आणखी कोणाची गरज काय? पण जमिनीवरचा चिखल हा बऱ्याच अंशी वनस्पतींनंतरचा आहे. कुंभार गल्लीतल्या गणपतीची माती, पंचगंगेच्या काठची उसाची काळी जमीन, प्रयाग चिखलीच्या नावातला चिखल हे सगळे त्या धरून ठेवण्यावर उभे आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात हाच चिखल आत्तीच्या घरात होता. पाणी उतरल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा माजघरात घोटाभर गाळ होता. गुळगुळीत, तपकिरी, वर पाण्याच्या रेघा उमटलेला. देव्हारा, शिवणयंत्र, धान्याचे पत्र्याचे डबे, सगळ्यांवर त्याचा एकसारखा थर. फावड्याने तो ओढताना जो आवाज होतो तो अजून कानात आहे, आणि वास तर कपड्यांतून महिनाभर गेला नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून आम्ही सगळे तिच्या मागे लागलो आहोत की, आता वरच्या भागात राहायला चल. ती येत नाही. पाणी चढू लागले की चार दिवस माझ्याकडे येते, उतरले की परत जाते आणि परडे धुऊन काढते. भिंतीवरच्या त्या वनस्पतींशी तिची तुलना करण्याचा मोह इथे होतो, पण तो मी आवरते. त्यांना जाता येत नव्हते, आत्तीला येते. तिच्या राहण्यात हट्ट आहे, सवय आहे, काकांच्या आठवणी आहेत आणि भाडेकरूची थोडी काळजीही आहे. उत्क्रांतीच्या गळ्यात हे घालण्यात काही शहाणपणा नाही.

मात्र पाठ्यपुस्तकांबद्दलची माझी एक तक्रार इथेच नोंदवून टाकते. आम्हाला शैवले, शेवाळी, नेचे, सूचिपर्णी आणि शेवटी सपुष्प वनस्पती अशी उतरंड शिकवली गेली, आणि त्यात शेवाळी कायम 'खालच्या दर्जाच्या'. जणू बाकीचे पुढे गेले आणि या नापास होऊन त्याच वर्गात बसल्या. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसते ते वेगळे आहे. शेवाळी आणि तिच्यासारख्याच मुळे नसलेल्या यकृतका व शृंगका या तिन्ही मिळून बहुधा एकच शाखा आहे, आणि नळ्या असलेल्या साऱ्या वनस्पती ही तिची भावकीतली दुसरी शाखा. दोघींचे वय सारखेच. यकृतकांना पर्णरंध्रे नाहीत ती मुळात नव्हती म्हणून नव्हे. त्यांच्या पूर्वजांना ती होती आणि मागाहून गेली, असा कल आता वाढतो आहे. गळून जाणे हीसुद्धा उत्क्रांतीच, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

दुसरी शाखा मात्र वाढत सुटली. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी पहिली अरण्ये उभी राहिली, खरी मुळे खडकात खोल शिरली, आणि त्याच सुमारास समुद्रांत प्राणवायूची टंचाई होऊन जीव मोठ्या संख्येने मेले. अनेक भूशास्त्रज्ञांना या दोन गोष्टींचा संबंध दिसतो: मुळांनी खडकातला फॉस्फरस मोकळा केला, नद्यांनी तो समुद्रात नेला, तिथे शैवले माजली, आणि ती मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला. रंकाळ्याच्या कडेने राहिलेल्या माणसाला ही साखळी वेगळी समजावून द्यावी लागत नाही. पाण्यात सांडपाणी येते, पाणी हिरवे होते, दाट होते, वास मारू लागते. पंचगंगेवर जलपर्णीचा गालिचा पसरतो आणि उन्हाळ्यात एके सकाळी काठाला पांढऱ्या पोटांचे मासे लागलेले दिसतात. तेव्हाच्या झाडांना आपण काय करतो आहोत हे कळत नव्हते, एवढा एक फरक. झाडांविषयी मला जे भाबडे प्रेम होते, त्याला ही माहिती मिळाल्यापासून जरा तडा गेला आहे, आणि त्याचे मला फारसे वाईटही वाटत नाही.

त्यानंतर थोड्याच काळात, साधारण ३६ ते ३७ कोटी वर्षांपूर्वी, बी आले. तोवर प्रत्येक वनस्पतीच्या शुक्रपेशीला अंडपेशीपर्यंत पोहतच जावे लागे. पावसाचा किंवा दवाचा पातळ पापुद्रा तरी लागे. शेवाळीला आणि नेच्यांना तो आजही लागतो. बीजधारी वनस्पतींनी परागकण वाऱ्यावर सोडले आणि ही गरज संपवली, असे आम्ही लिहायचो. ते पूर्ण खरे नाही. १८९६ मध्ये जपानमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हिरासे यांना गिंको नावाच्या झाडाच्या बीजांडात पोहणारी शुक्रपेशी दिसली, आणि त्याच वर्षी इकेनो यांना ती ताडासारख्या दिसणाऱ्या सायकसमध्येही दिसली. परागकण वाऱ्याने किंवा कीटकांबरोबर येतो, पण शेवटचा तो अगदी थोडा प्रवास बीजांडातल्या थेंबभर द्रवात, हजारो बारीक शेपट्या हलवत, पोहूनच होतो. नागाळा पार्कातल्या जुन्या बंगल्यांसमोर सायकस हमखास असते. माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे एक मादीझाड आहे. मधोमध पिवळसर लोकरीत नारिंगी बीजांडे धरते. आसपास नरझाड कुठे दिसत नाही, त्यामुळे तिथे पोहायला कोणी येत नाही आणि ती बीजांडे रुजत नाहीत. माळी बुंध्याजवळचे फुटवे काढून कुंड्यांत लावतो आणि विकतो. परवा मीही एक विचारला, तर त्याने चारशे रुपये सांगितले.